तुम्ही विचारलंत म्हणून: लोगोआधी मी दिवे का बघते

नवीन रेस्टॉरंट काढणारा प्रत्येकजण दुसऱ्या-तिसऱ्या फोनला हेच विचारतो, ताई, पंधरा दिवस झाले, अजून लोगो दाखवला नाहीत, आणि दिवे कधी लागणार, भिंतींना रंग कुठला, हे तुम्हाला कशाला हवंय? परवा एकाने जरा चिडूनच विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

लोगोला वेळ लागतोच. तो पाटीवरही दिसायला हवा आणि बिलावरही, बिलाच्या थर्मल प्रिंटरला फक्त काळा रंग येतो, तिथे तुमच्या छटा-बिटा काही टिकत नाहीत. पण ते जाऊ दे, खरी गोष्ट मेनूकार्डाची आहे.

काही वर्षांपूर्वी एका नव्या रेस्टॉरंटचं लोगोपासून मेनूकार्डापर्यंतचं सगळं डिझाइन माझ्याकडे होतं. मेनूकार्ड केलं ते गडद मरून, त्यावर नाजूक सोनेरी अक्षरं. स्क्रीनवर इतकं देखणं दिसत होतं की मालकांनी लगेच हो म्हटलं. फोर कलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या चार शायांच्या छपाईत, सोनेरी येत नाही, मातकट पिवळा येतो, हे मला माहीत होतं, पण फॉइल, म्हणजे चमकत्या सोनेरी पापुद्र्याचा ठसा, बजेटात बसेना, म्हटलं चालेल. कागद घेतला खरखरीत, अनकोटेड, तो शाई पितो. आणि असा मरून म्हणजे शाईवर शाई, त्यात बारीक अक्षरापुरती जागा मोकळी सोडली की एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी ते बुजतं. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघितलं डिजिटल, चकचकीत कागदावरचं, माझ्या ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली. मालकांनी सही केली.

उद्घाटनाच्या रात्री भिंतीजवळच्या टेबलावर एक आजोबा बसले होते. वर एकच पिवळा, मंद दिवा. त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ आणलं, चष्मा पुसला, मग दिव्याकडे तिरकं केलं. शेजारच्या मुलीने मोबाइलचा टॉर्च लावून दिला. थोड्या वेळात आणखी तीन टेबलांवर टॉर्च लागले. वेटर मेनू तोंडी सांगायला लागला. मी एक कार्ड उचललं तर अनुस्वार भरून गेलेले, वेलांट्या तुटलेल्या, किमतीतला १ आहे की ९ ते कळेना. मालक काउंटरला उभे होते, एक शब्द बोलले नाहीत, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सही त्यांची होती. अंधार इंटिरिअरवाल्याने ठरवला होता, मला कोणी सांगितलं नव्हतं. हे मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं आणि त्यात खोटं काहीच नाही. पण मी विचारलं होतं का? जागा आठ दिवस आधी तयार होती, मी एकदाच गेले, तेही भर दुपारी, फोटो काढायला.

कार्डं पुन्हा छापली, फिक्या कागदावर गडद, जाड अक्षरात. निम्मा खर्च मी दिला. तो सगळा द्यायला हवा होता की काहीच नको, यावर माझं मत अजूनही बदलत असतं. त्यांच्या दुसऱ्या शाखेचं काम माझ्याकडे आलं नाही.

आणि हेही सांगते, ते मरून कार्ड सुंदर होतं. फॉइल असतं, टेबलावर आणखी एक दिवा असता तर तेच चाललं असतं. तेव्हाची मी हट्टाला पेटली असती, आत्ताची मी आधीच सावध डिझाइन दाखवते, आणि कधीकधी वाटतं की गिऱ्हाइकाला त्याचं सगळ्यात चांगलं काम मी दाखवतच नाही.

क्यूआर लावा, छापायचंच कशाला, असंही सांगतात. लावते की. पण त्याच्या चारही बाजूंना कोडातल्या चार बारक्या चौकोनांएवढी मोकळी जागा सोडावी लागते, ती दिसायला बरी नाही म्हणून कापायला लावतात, मग स्कॅन होत नाही म्हणून मलाच फोन. आणि क्यूआर असता तरी त्या आजोबांना शेवटी मोबाइल काढावा लागलाच असता ना.

तेव्हा तुमचे दिवे लागले की कळवा. मी रात्री आठनंतर येईन, तीन-चार कागदांवर नमुने छापून आणीन, भिंतीजवळच्या टेबलावर बसून बघू.