काठावर पास

माझं काम नागपूरच्या धंतोलीतल्या एका अंधाऱ्या खोलीत, इको मशीनसमोर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदयाचं चित्र दाखवणाऱ्या यंत्रासमोर. दिवसातून तीन-चारदा तरी एकच प्रश्न येतो: "डॉक्टर, पंपिंग 35 टक्के लिहिलंय, म्हणजे 65 टक्के हार्ट गेलं का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

गेलं नाही. हृदयाचा डावा कप्पा पूर्ण भरला की त्यात साधारण 120 मिली रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं 70 मिलीच्या आसपास बाहेर पडतं, बाकीचं आतच राहतं. हे धडधाकट माणसाचं. हिशेब केला तर 58 टक्के, हेच ते पंपिंग. 55 ते 70 म्हणजे पैकीच्या पैकी; शंभर कोणालाच मिळत नाहीत.

जानेवारीत काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आले होते. नोव्हेंबरात अटॅक येऊन गेलेला, दवाखान्यात पोचायला दोन दिवस लागलेले. रिपोर्ट बघून म्हणाले, "पस्तीस म्हंजे काठावर पास ना जी?" मला हसू आलं. पण डॉक्टरलोकही याच काठावर घुटमळतात. तीन महिने नीट औषधं देऊनही आकडा 35 किंवा त्याखाली राहिला, तर अचानक ठोका बिघडून जीव जाऊ नये म्हणून छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार करावा लागतो.

त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा दिवसांतले तीन रिपोर्ट होते. 30, 35, 40. मुलगा वैतागलेला: "यातला खरा कोणता?" तिन्ही खरे असू शकतात. दाणेदार चित्रावर कप्प्याची कड हातानं आखावी लागते. त्या दिवशीचं बीपी वेगळं, आखणारा हात वेगळा. पाचेक टक्के इकडेतिकडे होतातच. म्हणून तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी करा, आणि दर आठवड्याला करू नका. (1953 मध्ये स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाचा पहिला इको घेतला, तो गोदीत धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्रानं. तिथून आपण बरंच पुढे आलोय, पण हात माणसाचाच आहे.)

मला स्वतःला आकड्यापेक्षा भिंती बघायला आवडतं. या बागायतदार काकांच्या हृदयाच्या बाकीच्या भिंती प्रत्येक ठोक्याला जाड होऊन आत येत होत्या. समोरची मात्र जाड होतच नव्हती, नुसती शेजारणींच्या ओढीनं हलत होती. तिला रक्त पुरवणारी नळी बंद आहे हे अँजिओग्राफीत आधीच दिसलेलं. पण अँजिओग्राफी नळ्या दाखवते. त्या नळीवर जगणारा स्नायू मेलाय की नुसता गप्प बसलाय, ते सांगत नाही. भिंत 6 मिलीमीटरहून पातळ आणि चकचकीत दिसली, तर बहुतेक वण समजायचा. यांची 8 होती. म्हणून एमआरआय करायला सांगितलं. त्यात औषध टोचलं की वण पांढरा उजळतो आणि जिवंत स्नायू काळा राहतो.

हे समजावत होतो तर काकाच म्हणाले, "आमी बी फांदी वाळल्यासारखी दिसली का नखानं साल खरवडून पायतो. आतून हिरवी असन तं तोडत नाही." एवढ्या वर्षांत मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

एमआरआयमध्ये वण भिंतीच्या निम्म्याहून कमी जाडीत निघाला. हिरवं होतं. मग मुलाचा आग्रह, स्टेंट टाकूनच द्या. इथे चित्र बघून भुलायला होतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात अशाच कमी पंपिंगचे 700 रुग्ण होते. स्नायू जिवंत असूनही अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकलेल्यांना नुसती औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त आयुष्य लाभलं नाही. काकांच्या छातीत दुखत नव्हतं. आम्ही औषधांवर राहिलो.

आणि उलटंही असतं बरं का. पंपिंग 60 असूनही जिना चढताना धाप लागणाऱ्या बायका रोज येतात. त्यांचं हृदय दाबतं छान, पण ताठर झाल्यामुळे नीट भरत नाही. "नॉर्मल आहे" म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही.

काका मे महिन्यात परत आले. आकडा 41. तो त्यांनी विचारलाही नाही. विचारलं ते पाण्याचं: "दीड लिटरच प्याचं म्हनता, पन वावरात ऊन किती हाय! उठलो का चक्कर येते." मी प्रोब पोटावर ठेवला आणि त्यांना नाकानं झटकन श्वास ओढायला सांगितला. हृदयाकडे जाणारी मोठी शीर साफ मिटली. अंगात पाणी साचलेलं नव्हतं, उलट कमी पडत होतं. लघवीची गोळी अर्धी केली आणि पाणी अडीच लिटरवर नेलं. पुढच्या आठवड्यात वजन लिहून आणायला सांगितलंय.