रंगा, नामा आणि कोई : पर्च टँकची नऊ महिन्यांची नोंद

डिसेंबरच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की यंदा 'पर्च टँक' लावणार. इंग्रजीत ज्या ज्या माशाला पर्च म्हणतात तेवढेच त्यात पोहणार. तीन फुटी काच, दीडशे लिटरच्या आसपास पाणी, एका कोपऱ्यात स्पंज फिल्टर. आज नऊ महिन्यांनी टँक छान चाललाय, फक्त त्यात पर्च एकही नाही.

खरा पर्च म्हणजे पर्का. या प्रजातीत जगभरात मिळून तीनच जाती : युरोपातला पर्का फ्लुवियाटिलिस (लिनियसने १७५८ साली बारसं केलं तो), अमेरिकेतला पिवळा पर्च आणि मध्य आशियात बल्खाश सरोवराकडचा. तिन्ही थंड पाण्याचे. हिवाळ्यात पाणी चांगलं गारठलं नाही तर त्यांची अंडी धड पिकत नाहीत. माझ्या टँकचं पाणी डिसेंबरात बावीसला आणि मे महिन्यात एकतीसला असतं. चिलर लावून बिचाऱ्याला सिंहगड रोडवर जगवायचं म्हणजे माशापेक्षा विजेचं बिल मोठं.

बाकीचे सगळे नावाचे पर्च. इंग्रज जिथे जिथे गेला तिथे पाठीवर काटेरी पर असलेला मासा दिसला की त्याने घरची आठवण काढून 'पर्च' म्हणून टाकलं. ऑस्ट्रेलियात सिल्व्हर पर्च, गोल्डन पर्च, जेड पर्च. कॅलिफोर्नियातला सॅक्रामेंटो पर्च हा खरं तर सनफिशच्या घराण्यातला. आणि पायरेट पर्च तर कहरच आहे. त्याचं गुदद्वार वयाबरोबर पुढे सरकत सरकत थेट गळ्यापाशी येतं, आणि मादी त्याच वाटेने पाण्यातल्या मुळांच्या जाळीत अंडी सोडते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा वाचलं होतं.

आपल्याकडच्यांची नाती आणखी गमतीची आहेत. रायगडातले लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तो जिताडा आफ्रिकेतल्या नाईल पर्चचा सख्खा भाऊ. दोघेही लेटिस प्रजातीचे, पण पर्काशी त्यांचं नातं लांबचं. आताच्या वर्गीकरणात जिताडा बसतो हलवा आणि लेपा यांच्या गोतात. क्लायंबिंग पर्च, म्हणजे बंगाल्यांचा कोई, हा गुरामी, फायटर आणि आपला मरळ यांच्याकडचा. आणि ग्लास पर्च, ज्याला आपण सगळे ग्लासफिश म्हणतो, तो पर्चपेक्षा चिलापीला आणि गप्पीला जवळचा. म्हणजे मी पर्च टँक म्हणून जे काही लावलं ते प्रत्यक्षात दोन वेगळ्या गावच्या पाहुण्यांना एकाच आडनावाखाली पंगतीला बसवणं होतं.

जानेवारीचा शेवट. ग्लासफिश दुकानातून न घेता भिगवणहून आणायचे ठरवलं होतं. त्या दिवसांत तिकडे सगळे फ्लेमिंगो बघायला जातात, मी बादली आणि बॅटरीवरचा एअर पंप घेऊन गेलो. उजनीत चिलापीच्या जाळ्यात हे बोटभर मासे कचऱ्यासारखे येतात. ज्यांच्याकडून घेतले ते काका म्हणाले, "हे कशाला नेताय? हे आम्ही वाळवतो." मी चौदा उचलले. सोलापूर रस्त्याने घरी येईपर्यंत बारा उरले, आठवड्याने नऊ. चूक माझीच : जाळ्यातून काढल्यावर हाताने धरले. यांचे खवले इतके नाजूक की बोट लागलं की निघतात आणि दोन दिवसांत तिथे बुरशी धरते. पुढच्या वेळी मगने पाण्यासकट उचलायचे.

पण काय मासा आहे! उन्हाच्या तिरिपेत आला की अंगातून पलीकडचं पान दिसतं. मणका मोजून घ्या. पोट आणि हवेची पिशवी तेवढी झाकलेली, पेढ्याला लावतात तसल्या चांदीच्या वर्खात गुंडाळल्यासारखी. अशा माशाला सुईने टोचून आत हिरवा-गुलाबी रंग भरून विकणारे लोक आहेत. रंग काही महिन्यांत उडतो, मासा बहुतेकदा त्याच्या आधी जातो. दुकानात तसले दिसले तर कृपा करून घेऊ नका.

फेब्रुवारी. मिठाचा घोळ. जो तो सांगतो की ग्लासफिशला मीठ हवंच. माझे मासे गोड्या धरणातून आलेले आहेत, चिमूटभरही मीठ घातलं नाही, नऊच्या नऊ ठणठणीत. खाण्याचे मात्र नखरे. कोरडं खाणं तोंडात घेतात आणि थुंकतात. डासांच्या अळ्या, डॅफ्निया आणि आर्टेमिया हे पाण्यातले बारीक जिवंत किडे चालतात, म्हणजे जे हलतं तेच खातात. गच्चीत अळ्यांसाठी टब ठेवला होता. डेंग्यूच्या मोहिमेतले दोघे आले, त्यांनी तो माझ्यादेखत उलटा केला. मी त्यांना मासे दाखवून म्हटलं, अहो, हेच अळ्या खातात. ते म्हणाले, मग माशांना टबात सोडा. मुद्दा बिनतोड होता.

मार्च. सोबतीला चार टिक्टो बार्ब होते. त्यातल्या दोघांच्या कुशीवर खवले गेल्याचे ठिपके दिसायला लागले. पहिल्यांदा वाटलं दगडावर घासतायत. दगड काढले, ठिपके वाढले. मग एका रविवारी खुर्ची टाकून टँकसमोर बसलो. पाऊण तासाने चोर सापडला. एक ग्लासफिश मागून हळूच येतो, बार्बच्या कुशीला एक झटका देतो आणि काही घडलंच नाही अशा थाटात परत कळपात. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतलं तेव्हा त्याच्या तोंडात खवला चकाकताना दिसला.

तो ग्लासफिश होताच, पण दुसरा. माझ्या नऊमध्ये सात पॅरांबॅसिस रंगा आणि दोन चंदा नामा. भीमेत दोन्ही मिळतात, जाळ्यात एकत्र येतात आणि पहिल्या नजरेला सारखेच. ओळखायचे असे : रंगा अंगाने गोलसर, नामा लांबोडा. नामाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि त्यात बाहेर वळलेले सुळे. पाठीवरच्या पहिल्या काटेरी पराचं टोक काळपट. दुसऱ्या माशांचे खवले खाणं ही त्याची खोडी नाही, तो त्याचा धंदाच आहे, आणि अभ्यासकांनी तो नोंदवूनही ठेवलाय. दोन्ही नावं फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली बंगालकडच्या बोलीतून उचलली. मला मात्र रंगा आणि नामा ही आळंदीच्या वाटेवरची जोडी वाटते, त्यातला एक टाळ वाजवता वाजवता शेजाऱ्याचा खिसा कापणारा. दोघा नामांना वेगळ्या दीड फुटी टँकमध्ये ठेवलं. बार्बचे खवले तीन आठवड्यांत भरून आले.

बोलीतून नाव उचलण्याचा विषय निघालाच आहे तर : आपल्या दख्खनच्या माशांवर कर्नल साइक्सने १८३९ साली लिहिलं तेव्हा त्यानेही इथलीच नावं लॅटिनमध्ये बसवली. कोलस, बालुकी ही शास्त्रीय नावं आपल्या नदीकाठच्या माणसांच्या तोंडची आहेत. ही पद्धत मला पर्च-पर्च करत फिरण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

एप्रिल. कोईची शोधमोहीम. ॲक्वेरियमच्या दुकानात "कोई आहे का?" विचारलं की उत्तर ठरलेलं : "लाल-पांढरा देऊ की काळा-पिवळा?" जपानी कार्प! तीन दुकानं झाली. चौथ्या ठिकाणी मी 'क्लायंबिंग पर्च' म्हटलं तर त्यांनी मला प्लॅस्टिकचं झाड दाखवलं.

शेवटी गणेश पेठेत मासळी बाजारात एका मावशींकडे पाटीत वळवळताना दिसला. "साफ करून देऊ?"

"नको, जिवंत हवाय. पाळायचाय."

मावशींनी शेजारणीकडे बघितलं. "अगं, हे पाळणारेत." दोघी बराच वेळ हसल्या. एकच घेतला, जरासं पाणी असलेल्या पिशवीत घालून बसने घरी. त्याला हवा लागते, पाणी थोडं असलं तरी चालतं. उलट वर येऊन श्वास घेता आला नाही तर हा मासा पाण्यात बुडून मरतो. कल्ल्यांच्या वर त्याला घड्या पडलेला एक अवयव असतो, हवेतला प्राणवायू तो तिथून घेतो.

याला पर्च नाव कसं चिकटलं ते मात्र सापडलं. १७९१ साली तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला डॅनिश कंपनीतल्या डाल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटने ताडाच्या खोडावर हा मासा चढताना पाहिल्याचं लिहिलं आणि १७९७ साली त्याला पर्का स्कँडेन्स, म्हणजे चढणारा पर्च, म्हटलं. आज त्याचं नाव ॲनाबास टेस्टुडिनियस. झाडावर सापडणारे मासे कावळ्या-घारींनी तिथे टाकलेले असावेत, असं नंतरच्या अभ्यासकांनी म्हटलं. झाडाचं माहीत नाही, जमिनीवर तो कसा चालतो हे माझ्या घरात सगळ्यांनी बघितलंय.

जुलै, पावसाची रात्र. कोई स्वतःच्या दोन फुटी टँकमध्ये होता (रंगांबरोबर ठेवला असता तर एका रात्रीत सात उरले नसते). झाकणाला फिल्टरच्या नळीपुरती फट होती. सकाळी आईने उठवलं. "अरे, ऊठ. तुझा मासा मोरीत येऊन बसलाय."

हॉल ओलांडून, स्वयंपाकघराच्या दारावरून, मोरीपर्यंत. धूळ आणि केस लागून त्याची पुरणपोळी झाली होती, पण डोळे टक्क उघडे. मी उचलायच्या आधी आई म्हणाली, थांब, बघू दे कसा जातो. मग बघत बसलो. कल्ल्यांची झाकणं दोन्ही बाजूंना फाकवतो, त्यांच्या कडेचे काटे जमिनीत रोवतो, अंग एका कुशीवर कलतं आणि शेपटीचा रेटा देतो. हॉलच्या गुळगुळीत टाइलवर तो नुसता घसरला असणार. मोरीतल्या शहाबादी फरशीवर मात्र पकड मिळत होती, आणि प्रत्येक पावलाला खर्र असा बारीक आवाज. टँकमध्ये सोडल्यावर दहा मिनिटांत खायला मागत होता.

याच कारणासाठी सांगून ठेवतो : कंटाळा आला म्हणून हा मासा मुठेत किंवा पाषाण तलावात सोडू नका. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला साईबाई आणि बोइगू बेटांवर तो जाऊन पोचलाय, आणि त्याला गिळायला गेलेल्या पक्ष्यांच्या घशात काटे अडकतात. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च सोडला, तिथल्या छोट्या सिक्लिड माशांच्या शेकडो जाती गेल्या. आणि १९५२ साली भारतात आलेल्या चिलापीचं काय झालं ते भिगवणच्या कुठल्याही जाळ्यात बघा.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. रंगांनी अंडी घातली!

पालखी पुण्यातून गेली त्या आठवड्यात पहिला जोरदार पाऊस झाला. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून रोज एक बादली टँकमध्ये घालायला लागलो. चौथ्या दिवशी सकाळी पूर्वेचं ऊन टँकवर आलं आणि दोन नर मादीच्या मागे लागले. तरंगती झाडं म्हणून मी नदीतली जलपर्णी नीट धुऊन टाकली होती. जिच्या नावाने सगळं पुणे बोटं मोडतं ती इथे कामी आली. तिच्या मुळांच्या झुबक्यात काचेच्या कणांसारखी अंडी चिकटलेली. ती जलपर्णी तशीच उचलून वेगळ्या टँकमध्ये नेली. एका दिवसात पिल्लं बाहेर. चौथ्या दिवशी पोहायला लागली. सहाव्या दिवशी एकही नव्हतं.

पिल्लं खाण्यामागे जात नाहीत, ही खरी अडचण. एका जागी लटकून राहतात, तोंडासमोर काही आलं तर घेतात. आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्लंही त्यांच्या तोंडाला मोठी पडतात. केळीच्या सालीवर इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, केला होता, पण वासाला कंटाळून मी बरणी कमी भरली आणि ती दाटी पुरली नाही.

ऑगस्टमध्ये दुसरी खेप. या वेळी दोन बरण्या, एक केळीची आणि एक वाळलेल्या कोबीची, गॅलरीत. शिवाय एका शेततळ्याचं हिरवं पाणी आणून आधी चहाच्या गाळणीतून, मग मलमलच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर उरतात ते मोठे किडे (कोपेपॉड) मोठ्या माशांना, खाली जातं ते बारीक पिल्लांना. पाण्याची पातळी चार इंच ठेवली म्हणजे खाणं दाट राहतं. रात्रभर एका बाजूला लहान दिवा, त्यामुळे ते किडे आणि पिल्लं दोन्ही उजेडाकडे जमतात. दहाव्या दिवसापासून आर्टेमिया सुरू केला. पिल्लांच्या पोटात केशरी ठिपका दिसला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. भिंग लागलं, पण दिसला.

आज पाच आठवडे झाले. अकरा आहेत. सेंटिमीटरही झाले नाहीत अजून, पण वर्खाची पिशवी आलीय. आई रोज सकाळी चहा घेऊन मोजते, तिच्या मोजणीत कधी दहा येतात कधी तेरा.

नामांच्या टँकमध्ये मी आता बार्बऐवजी उकडलेल्या कोळंबीचे तुकडे देऊन बघतोय, अजून घेत नाहीत. कोई एकटाच आहे. फट बुजवलीय, झाकणावर अर्धी वीट ठेवलीय. पाऊस लागला की रात्री दोन-तीनदा खालून धडक दिल्याचा आवाज येतो.