सुकी म्हणजे आवडणं, पण नेहमीच नाही

तोक्योत निशि-कासाईला राहायला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात केसांनी रंग दाखवले. जूनमधल्या त्सुयुत हवा इतकी दमट, की घरी विंचरलेल्या केसांचा स्टेशनवर पोचेपर्यंत झाडू. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, ही 'कुसेगे'. कुसे म्हणजे खोड. खोड असलेले केस!

यावर उपाय शुकुमो क्योसेई, म्हणजे केस सरळ करून घेणं. क्योसेई हाच शब्द दातांना तारा लावण्यालाही. (नुसतं 'पामा' म्हणाल तर उलट कुरळे करून देतील.) आठवडाभर वाक्यं घोकून सलूनमध्ये गेले, तर पहिलाच प्रश्न घोकलेल्यातला नव्हता: आधी केसांना काय काय लावलंय? मी ऐटीत सांगितलं, "हेना." केस कापणाऱ्या बाईचा कंगवा थांबला. मेंदी केसाला अशी चिकटून बसते की औषध आत नीट शिरत नाही. मेंदीचा भाग कापला जाईपर्यंत थांबा म्हणाली.

मग निदान टोकं तरी काप म्हटलं. तिने एक केस उजेडात धरून दाखवला, "एदागे." एदा म्हणजे फांदी. आपल्या केसांना फाटे फुटतात, यांच्या केसांना फांद्या. हा शब्द वहीत लिहावाच लागला नाही. त्याच खुशीत होते तेवढ्यात तिने विचारलं, "सुकोशी सुकिमासु ने?" सुकोशी म्हणजे थोडं, सुकी म्हणजे आवडतं, एवढं पक्कं ठाऊक. थोडं आवडलं ना, असं विचारतेय समजून मी म्हटलं, "दाइसुकी!" खूप आवडलं! तिने दातेरी कात्री उचलली. 'सुकु' म्हणजे केस विरळ करणं, आणि त्या कात्रीचं नावच सुकीबासामी. मूठभर केस खाली पडल्यावर मला कळलं. विरळ झालेले केस आणखीच पिंजारले, दोन महिने अंबाड्यावर काढले.

दीड वर्षाने मेंदीचा शेवटचा इंच गेला. आधी इचिझाई, म्हणजे पहिलं औषध. ते केसांतले बंध सोडवतं. मग धुणं, वाळवणं, पातळ पातळ बटा घेऊन इस्त्री, आणि सरळ झालेले केस तसेच पक्के करायला निझाई. साडेतीन तास, 18,000 येन. या वेळी 'सुकु' शब्द आला की मान हलवायचीच नाही, हे ठरवून गेले होते.

शेवटी केस धुताना तोंडावर पातळ कापड टाकलं आणि वरून आवाज आला, "कायुई तोकोरो वा गोझाइमासेन का?" कुठे खाजतंय का? डाव्या कानामागे चांगलंच खाजत होतं. पण इथे सगळे देतात तेच उत्तर मी दिलं: "दाइजोबु देस." सगळं ठीक आहे.