क्लिक नको म्हणणारा पोरगा

एका पोराचा पहिला अल्बम नुकताच रिलीज झाला, ब्लूजचा, गिटार आणि गाणं दोन्ही त्याचंच. रेकॉर्डिंग मी केलंय. त्यातलं एक स्लो गाणं लावलं की सोलो सुरू होतो तिथे मी अजून अडकतो, म्हणून लिहितोय.

आल्या आल्या तो म्हणाला, दादा क्लिक नको (म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिक-टिक), गिटार, बेस, ड्रम्स असे तिघं एकाच खोलीत एकत्र वाजवणार. डोक्यात अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन. त्याचा पहिला अल्बम 'टेक्सास फ्लड' असाच झालेला, नोव्हेंबर १९८२ मध्ये गायक जॅक्सन ब्राऊनने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट वापरायला दिला, ड्रम्स, बेस, गिटार असे तिघं आत शिरले आणि स्टेजवर वाजवतात तसं वाजवलं, १९८३ च्या जूनमध्ये अल्बम बाजारात. आमच्या पोराने तारासुद्धा तशाच जाड लावलेल्या, सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंचाची, अख्खी गिटार अर्धा सूर उतरवलेली. मला हे फार आवडलं. हल्ली येणारे बहुतेक जण आधी विचारतात की नंतर ट्यून करता येईल ना.

सगळ्यात जास्त वेळ गेला घुं घालवण्यात, म्हणजे विजेमुळे गिटारच्या आवाजात येणारी घरघर. त्याची गिटार स्ट्रॅट, तारांचा आवाज पकडणारे तिचे पिकअप एकेरी कॉइलचे, ते वीजही पकडतात, आणि जुन्या इमारतीचं वायरिंग, म्हणजे ती येणारच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घुं ५०, १००, १५० अशी बसते. फिल्टर लाव म्हणणं सोपं आहे, पण १०० ला खेटून ९८ वर गिटारचा खालचा जी हा सूर आहे, घुं कापायला गेलं की गिटारचं अंगच जातं. म्हणून आधी दिव्यांचे डिमर बंद केले, मग त्याला खुर्चीसकट हळूहळू फिरवत राहिलो, एका कोनात घुं जवळपास मरते, तिथे खुर्चीच्या पायांशी टेपच्या खुणा केल्या. अर्थिंगवर खर्च न करता भिंतींना महागडा फोम लावणाऱ्या स्टुडिओवाल्यांचा मला खरंच राग येतो.

मग तो टेक, म्हणजे एका दमात वाजवून केलेलं रेकॉर्डिंग. ब्लूजचा बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) फेरा संपला, सोलो यायची जागा आली आणि पोरगा आलाच नाही. तबलजीने सम मोकळी सोडावी तशी पहिली बीट त्याने जाऊ दिली, ड्रमर किंचित थबकला, बेसवाल्याने मान वर केली आणि मग तो एक लांबवलेला बेंड, तार ओढून सुराच्या खालून वर चढत आलेला. काचेच्या अलीकडे माझ्या अंगावर काटा आला.

रात्री त्याने तो टेक फोनवर ऐकला, दोन-चार जणांना पाठवला, त्यांचे मेसेज आले आणि मला म्हणाला, दादा, हे उशिरा आलंय, लोकांना चूक वाटेल, बीटवर आणा ना. सगळे एका खोलीत असले की गिटारच्या माइकमध्ये स्नेअर, म्हणजे ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम, आलेलाच असतो, एकटी गिटार बीटवर सरकवली तर स्नेअर दोनदा वाजतो. त्यामुळे दुसऱ्या टेकमधले दोन बार सगळ्या माइकसकट उचलावे लागले, आणि क्लिक नाही म्हणजे दोन्ही टेकची लय वेगळी, सांधा स्नेअरच्या ठोक्यातच लपवावा लागतो. पहाटेपर्यंत बसलो. सांधा कुणाला सापडणार नाही, इतका चांगला झालाय.

मी त्याला म्हटलं होतं, अरे हा तुझा सगळ्यात भारी क्षण आहे, ठेव. तो म्हणाला, "दादा, नाव माझं लागणार आहे." याच्यावर मी काय बोलणार? फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देणाऱ्यांनी त्याला घाबरवलं असं मला वाटतं, पण अल्बम त्याचा हेही खरंच आहे. मूळ टेक माझ्याकडे आहे, त्याला पाठवू का, हे मला ठरवता येत नाहीये.