फेब्रुवारीतला ऑक्टोबर

रात्री सव्वा वाजता हॉटेलच्या खोलीतला फोन वाजला. पलीकडून एक मुलगी एवढंच म्हणाली, "दहा मिनिटांत कमिटीत या. वही विसरू नका." मी झोपायच्या कपड्यांवरच कोट चढवला, केस कसेबसे बांधले आणि लिफ्टपाशी आले, तर आमच्या कमिटीतले आणखी चौघे तिथे उभे. एकाच्या पायात मोजे नव्हते, दुसऱ्याचा टाय हातातच. कुणी बोलत नव्हतं. बाहेर बॉस्टन गोठलेलं होतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत २७ ऑक्टोबर १९६२ उजाडत होता.

आम्ही पुण्याहून सहा जण एका एमयूएन परिषदेला गेलो होतो. मुंबई ते दोहा, दोहा ते बॉस्टन, सगळा मिळून जवळजवळ एक दिवस. माझ्या तिकिटासाठी कराडला आजोबांनी एक ठेव मोडली होती, त्यामुळे विमानात झोप अशी लागलीच नाही. विमानतळावरून शहरात येणाऱ्या सिल्व्हर लाइनच्या बसला तिकीट लागत नाही, हे कळल्यावर आम्हाला केवढा आनंद झाला! पब्लिक गार्डनमधलं तळं पार गोठलं होतं आणि त्यावरून माणसं आरामात चालत होती. चार दिवसांत मी शहर म्हणून पाहिलं ते एवढंच. बाकी सगळा वेळ गालिचा, पांढरे दिवे आणि पिवळे कागद.

एमयूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विद्यार्थ्यांनी भरवलेली नमुना सभा, हे आता आपल्याकडे शाळाशाळांत माहीत झालंय. पुण्यात मी तीन वर्षं साध्या कमिट्या केल्या होत्या. शंभर-दोनशे जण, प्रत्येकाच्या वाट्याला एक देश, भाषणांची यादी, मसुदा, दुरुस्त्या आणि शेवटी ठराव. क्रायसिस कमिटी अगदी वेगळी. जेमतेम वीस जण, आणि वाट्याला देश येत नाही, माणूस येतो. त्या माणसाच्या हातात तेव्हा जेवढे अधिकार होते, तेवढेच तुमच्या हातात. लांबलचक ठराव नसतो, चार-सहा ओळींचं डायरेक्टिव्ह असतं. ते मंजूर झालं की मागच्या खोलीत जातं. त्या खोलीला सगळे बॅकरूम म्हणतात. तिथे बसलेली मुलं ठरवतात की या हुकमाचं पुढे काय झालं, आणि थोड्या वेळाने कुणीतरी दार उघडून ते वाचून दाखवतं. शिवाय प्रत्येकाजवळ दोन वह्या. एकीत गुपचूप क्रायसिस नोट लिहायची, म्हणजे तुमच्या पात्राने स्वतःच्या ओळखीच्या माणसांना लिहिलेली चिठ्ठी. ती वही आत गेली की दुसरीत पुढची चिठ्ठी सुरू. पहिली परत येते तेव्हा खाली कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात उत्तर असतं.

या प्रकारावर टीकाही खूप होते. चिठ्ठ्यांमधून कुणी कुणाला विष घालतं, कुणी रातोरात खासगी सैन्य उभं करतं आणि इतिहासाचा पार खेळ होतो. ती टीका मला पटते, कारण अशा कमिट्या मी पाहिल्या आहेत. पण बॅकरूम शिस्तीची असेल, अभ्यास करून बसलेली असेल, तर याच्याइतकं इतिहास शिकवणारं दुसरं काही मी अनुभवलेलं नाही. आमची बॅकरूम तशी होती.

आमची कमिटी म्हणजे केनेडींची एक्सकॉम. क्यूबात सोविएत क्षेपणास्त्रांचे तळ सापडल्यावर अध्यक्षांनी भोवती गोळा केलेली सल्लागारांची मंडळी. एक मजला खाली दुसरी कमिटी सोविएत नेते ख्रुश्चेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. मी होते ल्युएलिन थॉम्पसन, मॉस्कोत पाच वर्षं राजदूत राहून नुकतेच परतलेले. त्या टेबलावर ख्रुश्चेव्हला खरोखर ओळखणारा तो एकच माणूस. महिनाभर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं. बैठकांचं ध्वनिमुद्रण केनेडींनी गुपचूप करून ठेवलं होतं, त्यामुळे कोण कधी काय बोललं हे आज शब्दाशब्दाने वाचता येतं.

पहिल्या संध्याकाळी आमच्याकडे तारीख होती २० ऑक्टोबर, शनिवार. खरे केनेडी त्या दिवशी सर्दीचं निमित्त करून शिकागोचा दौरा अर्धवट टाकून परतले होते. अपडेट वाचायला आलेल्या मुलाने तळांची नवी छायाचित्रं दाखवली, जहाजांची नावं वाचली, बर्लिनची परिस्थिती सांगितली. मग कागद मिटता मिटता शेवटची ओळ वाचली: चिनी फौजांनी लडाख आणि नेफामध्ये (आजच्या अरुणाचल प्रदेशात) भारतावर हल्ला केला आहे. आणि तो निघून गेला.

मी माझ्या नावाची पाटी, प्लॅकार्ड, वर केली. चेअरने पंचेचाळीस सेकंद दिले. दोन महासत्ता इथे अडकल्या असताना तिकडे दोन मोठे देश लढायला लागलेत, यावर दहा मिनिटं तरी बोलू या, असं मी म्हटलं. मतदान झालं. माझ्यासकट तीन हात वर. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण हात वर न करणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या दारात क्षेपणास्त्रं होती. तीच जागा माझी असती तर मीही तो कागद तसाच बाजूला ठेवला असता.

त्या रात्री मी पहिली चिठ्ठी दिल्लीला लिहिली. अर्थशास्त्रज्ञ गॅलब्रेथ तेव्हा तिथे अमेरिकेचे राजदूत होते. नदीपलीकडच्या हार्वर्डमध्ये शिकवायचे, केनेडींनी त्यांना भारतात पाठवलं होतं. चाळीस मिनिटांनी वही परत आली. निळ्या शाईत दोनच वाक्यं: "वॉशिंग्टनकडून अजून काही सूचना नाहीत. जमेल तसं निभावतो आहे." ज्याने ते लिहिलं त्याने अभ्यास केला होता. क्यूबाच्या धामधुमीत गॅलब्रेथना त्या आठवड्यात खरोखरच बरंचसं स्वतःच्या हिमतीवर निभवावं लागलं होतं. मॅकमोहन रेषेला आपण भारत-चीन सीमा मानतो, हे अमेरिकेच्या वतीने त्यांनी जाहीर केलं ते २७ ऑक्टोबरला. क्यूबाच्या गोष्टीत त्याच दिवसाला काळा शनिवार म्हणतात.

दुसरा दिवस नाकेबंदीत गेला. नाकेबंदी हा शब्दसुद्धा वापरायचा नाही, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात ती युद्धाची कृती ठरते. म्हणून क्वारंटाइन. या एका शब्दावर आम्ही तासभर घासाघीस केली आणि ती मला जराही वाया गेलीशी वाटत नाही.

सगळ्यांत अवघड गेलं ते वाट पाहणं. बॅकरूमने एक नियम मुद्दाम घातला होता: खालच्या मजल्यावर लिहिलेलं पत्र आमच्याकडे दोन तासांनी पोचणार. जिन्याने एक मिनिटाचं अंतर! पण १९६२ मध्ये ख्रुश्चेव्हचं २६ ऑक्टोबरचं लांब पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला जवळजवळ बारा तास लागले होते. सोविएत राजदूत दोब्रिनिन यांच्या आठवणी तर वाचवत नाहीत. त्यांचा सांकेतिक मजकूर न्यायला तार कंपनीचा एक मुलगा सायकलवरून यायचा, आणि तो वाटेत कुठे थांबू नये एवढीच प्रार्थना हे लोक करायचे. वॉशिंग्टन आणि मॉस्कोमध्ये थेट संपर्काची हॉटलाइन सुरू झाली ती पुढच्या वर्षी, याच अनुभवातून. त्या दोन तासांत खोलीतली माणसं कशी बदलतात ते मी पाहिलं. पत्र येत नाही म्हणजे ते काहीतरी लपवतायत. लपवतायत म्हणजे तयारी करतायत. तयारी करतायत म्हणजे आपणच आधी. कुणीही खोटं बोलत नव्हतं, आणि तरी प्रत्येक वाक्य युद्धाच्या एक पाऊल जवळ जात होतं.

मग ती मध्यरात्रीची बैठक. क्यूबावर आमचं यू-२ हे टेहळणीचं विमान पाडलं गेलं होतं, वैमानिक मेजर अँडरसन ठार. आदल्या दिवशीचं ख्रुश्चेव्हचं मऊ पत्र हातात असतानाच दुसरं, कडक पत्र आलं होतं: तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढा. जनरल टेलर झालेली मुलगी उभी राहिली. सोमवारी सकाळपर्यंत हवाई हल्ला, नंतर सैन्य उतरवायचं. लष्करप्रमुखांची त्या दिवशीची खरी शिफारस हीच होती. ती फार चांगलं बोलली. मला वाटतं, रात्रीचे दोन वाजले असताना, एक माणूस मेलेला असताना, तिला विरोध करणं कुणालाही जड गेलं असतं.

माझी अडचण वेगळी होती. अध्यक्षांचे भाऊ बॉबी केनेडी झालेला मुलगा व्हेनेझुएलाचा होता. संध्याकाळीच आम्ही दोघांनी मिळून एक चिठ्ठी दोब्रिनिनना पाठवली होती: तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांनी काढू, पण याची वाच्यता नको. पावणेतीनला त्याची वही परत आली. त्याने उत्तर वाचलं, वही मिटली आणि टेबलापलीकडून माझ्याकडे पाहून पापण्या हलकेच मिटल्या. होकार होता. पण तो टेबलावर मांडता येत नव्हता, नाहीतर सौदाच मोडला असता. आता हल्ल्याच्या बाजूला झुकलेल्या माणसांना मला असं कारण देऊन थांबवायचं होतं, जे माझ्याजवळचं खरं कारण नव्हतं.

मी फक्त एवढं म्हटलं, "या माणसाला मी ओळखतो. त्याला परत जाताना घरी सांगायला काहीतरी हवंय, की मी क्यूबा वाचवला. ते देऊ या. पहिल्या पत्राला उत्तर द्या, दुसरं आलंच नाही असं समजा." थॉम्पसन यांनी साधारण हेच सांगितलं होतं. वाटाघाटींनी काही होणार नाही असं खुद्द अध्यक्ष म्हणत असताना त्यांनी मला हे पटत नाही म्हणून स्पष्ट सांगितलं, तेही ध्वनिफितीत आहे. मत घेतलं. हल्ल्याच्या बाजूने नऊ, विरोधात दहा. मी माझे हात टेबलाखाली घेतले, कारण ते थरथरत होते. टेलर झालेली मुलगी उठून आली आणि माझ्याशेजारी बसली. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

साडेतीनला वर आले. कराडला दुपारचे दोन. आजोबांना फोन लावला.

"अगं, झोपली नाहीस होय?"

"आजोबा, बासष्ट साली तुम्ही केवढे होता?"

"चौदा वर्षांचा. का गं?"

मग ते बोलतच राहिले. क्यूबाचं नाव त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना आठवत होती ती चावडीसमोर रेडिओभोवती जमलेली माणसं, संरक्षण निधीसाठी आलेली गाडी, आणि हातातल्या पाटल्या उतरवून देणारी त्यांची आई. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला निघाले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणत होता. "आपला माणूस गेला म्हणून गावाला किती धीर आला होता, बाळ," असं म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला झाला.

परिषद संपल्यावर बाकीचे खरेदीला गेले आणि मी रेड लाइनने जेएफके-यूमास स्टेशनला. तिथून केनेडी लायब्ररी. समुद्राच्या काठावर आय. एम. पेई यांनी बांधलेली पांढरी इमारत, दारात वारा असा की उभं राहवत नव्हतं. आत माणसं कमी होती. एका काचेमागे मला जे बघायचं होतं ते होतं: चांदीचं छोटंसं कॅलेंडर, टेबलावर ठेवायचं. ऑक्टोबर १९६२ चा एकच महिना. पेचप्रसंग संपल्यावर केनेडींनी अशी कॅलेंडरं करवून घेऊन सोबतच्या मंडळींना दिली. वरच्या कोपऱ्यांत केनेडींची आणि ज्याला दिलं त्याची आद्याक्षरं, आणि पेचप्रसंगाचे १६ ते २८ हे तेरा आकडे बाकीच्यांपेक्षा खोल कोरलेले. दुसऱ्या ओळीच्या आसपास कुठेतरी असतील असं मनात होतं, पण ते जवळजवळ महिन्याचा सगळा खालचा अर्धा व्यापून होते.

त्यांतला २० मी शोधला. शनिवार, ओळीच्या शेवटी. नेफातल्या नामका चू नदीच्या काठावर पहाटे तोफा सुरू झाल्या तो दिवस, इथे चांदीत कोरलेला, दुसऱ्याच कारणासाठी.

फोटो काढून आजोबांना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, ते झोपले असतील असं वाटलं. दोन मिनिटांत फोन आला. "वीस तारीख नीट दिसत नाही. जरा जवळून काढ बघू."

मी काचेला नाक लावून पुन्हा काढला. आकड्यावर माझ्या लाल मफलरचं प्रतिबिंब येत होतं, म्हणून मफलर काढून हातात घेतला आणि आणखी एक काढला.