पावसातली वारी आणि पाच हजारांचे बूट

आळंदी ते पंढरपूर, माउलींच्या पालखीबरोबर, गावच्या दिंडीतून. माझी पहिलीच वारी. निघायच्या आधी आठवडाभर मी घरात बूट घालून हिंडत होतो. पाच हजारांचे, आत पाणी न शिरणारे. आळंदीत आमच्या दिंडीतल्या अक्कांनी ते बघितले आणि एवढंच विचारलं, "आणि शिरलंच, तर बाहेर कुठून येणार हो माउली?"

उत्तर मिळालं पुणे-सासवडच्या टप्प्यात. सगळ्या वाटेत सर्वांत लांबचा, सुमारे ३२ किलोमीटर, आणि पाय दमल्यावर वर दिवे घाट. पहाटे भवानी पेठेतून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती. हडपसरला तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवडकडे वळते. तिथपर्यंत गर्दीच एवढी की पाऊस अंगापर्यंत पोचत नाही. वडकी मागं पडली आणि मग धरलं त्यानं. सरळ नाही, आडवा.

घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, त्यामुळे चाल मंदावते आणि माणूस उभ्या उभ्या भिजतो. आमचा पखवाजवाला स्वतः चिंब, पखवाज मात्र प्लास्टिकमध्ये नीट बांधलेला. ओल लागली की वाद्य उतरतं, म्हणून नुसत्या टाळांवर अभंग चालले होते. माझ्या पॅंटवरून ओघळणारं पाणी घोट्यापाशी बुटात उतरायचं आणि तिथंच मुक्काम करायचं. वर कठड्यावर बसून मोजा पिळला तर चहाच्या रंगाची धार निघाली. तळवे भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे, फुगलेले. अक्का तेवढ्यात शेजारून गेल्या: नऊवारी वर खोचलेली, डोक्यावरून इरल्यासारखा प्लास्टिकचा कागद, पायात मागं पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल. "चला माउली, पुढं चहा आहे."

तशी सँडल घ्या. साधी स्लिपर घेऊ नका, काळ्या मातीत ती पायातून निघते आणि मागं राहते. मी जेजुरीत घेतली आणि बूट सासवडच्या एका नातेवाइकाकडे ठेवून आलो होतो, ते अजून तिथंच आहेत.

पण खरा त्रास चालताना झालाच नाही. चालताना अंग गरम असतं, भिजलं तरी बाधत नाही. थांबलो की हुडहुडी. सासवडला आम्ही आठ वाजता पोचलो आणि सामानाचा ट्रक शेतात चाकापर्यंत रुतलेला. पिशव्या हातात यायला साडेअकरा झाले. तोवर साडेतीन तास ओल्या कपड्यांत, दात वाजवत. म्हणून नव्यानं जाणाऱ्यांना माझं सर्वांत महत्त्वाचं सांगणं हेच: कपड्यांचा एक कोरडा जोड, टॉवेल आणि पातळ चादर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून स्वतःच्या पाठीवर ठेवा. कितीही जड वाटलं तरी ट्रकात टाकू नका. आणि तो जोड चालताना घालायचा नाही. सकाळी जिवावर येतं, पण कालचे ओलेच कपडे परत चढवायचे. दहा मिनिटांत सवय होते.

त्या रात्री दोनला तंबूत खालून पाणी आलं. दिंडीतले आबा बॅटरी तोंडात धरून फावड्यानं चर खणायला लागले. मला म्हणाले, "पोरा, तंबू ठोकायच्या आधी पाणी कुठनं येतंय ते बघायचं असतं." तंबूच्या चढाकडच्या अंगाला वीतभर खोल चर पुरतो. खाली अंथरायचा कागद तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर छतावरचं पाणी तोच आत आणतो. कडा आतल्या बाजूला दुमडून घ्यायच्या. नशीब, सासवडला दोन मुक्काम असतात. दुसरा दिवस कपडे वाळवण्यात गेला. सोपानकाकांच्या समाधीचं दर्शनही मी ओलसर शर्टातच घेतलं.

पायाच्या बोटांत चिखल्या होणारच. हळद-तेलानं बरं वाटतं असं सगळे सांगतात. मला तरी वाटेवरच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीनं आराम पडला. रात्री बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या आणि मगच झोपायचं. रेनकोट आतून घामानं भिजवतो. त्यापेक्षा जाड प्लास्टिकचा कागद दोन मीटर घ्या.

चुकामूक पावसात जास्त होते, कारण सगळेच कागदाखाली, ओळखू येत नाहीत, आणि गर्दीत फोन लागत नाही. दिंडीचा नुसता क्रमांक पाठ करून भागत नाही. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे असतात. 'रथामागे अमुक' असंच लक्षात ठेवा. संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, टाळ एकदम थांबतात, आणि हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते. माझी पाकिटाची पिशवी मला तिथंच मिळाली. लाजच वाटली.

नीरा स्नान झालं, सातारा जिल्ह्यात शिरलो, आणि लोणंदनंतर आभाळ उघडत गेलं. तो पर्जन्यछायेचा मुलूख. म्हणजे पावसाची तयारी मुख्यतः पहिल्या आठवड्याची. फलटणला विमानतळाच्या मैदानावर तळ होता. ट्रकापासून ट्रकापर्यंत दोऱ्या बांधल्या, दुपारपर्यंत चादरी खडखडीत वाळल्या. मी कागद घडी घालून ट्रकात टाकायला निघालो तर अक्कांनी हाताला धरलं. "राहू दे जवळ. उद्या बरडच्या वाटेला झाड नाही, डोक्यावर धरायला लागंल."