एमिलीच्या पत्रांमागे: बॉस्टन, केंब्रिज, ॲमहर्स्ट

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची पत्रं बघायला निघणार असाल तर तिकीट काढण्याआधी एक साधी गोष्ट डोक्यात पक्की करा. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिलं त्याच्याकडे राहतं. ऐकायला अगदीच उघड आहे, पण ग्रंथालयाच्या सूचीसमोर बसलं की हटकून विसरायला होतं. एमिली जन्मली, राहिली आणि गेली मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टला, म्हणून सगळे सरळ तिकडे धावतात. तिथे भाऊ ऑस्टिनला लिहिलेली पत्रं आहेत, हे खरं. पण शेजारच्याच घरात राहणाऱ्या सूझन वहिनीला लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा मोठा साठा हार्वर्डच्या हाउटन ग्रंथालयात आहे, आणि टॉमस हिगिन्सन या लेखकाला लिहिलेली पत्रं बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात. म्हणून सूचीत नुसतं बाईंचं नाव घालून थांबू नका. नवरे, भाऊ, संपादक, मैत्रिणी, सगळ्यांची नावं घालून बघा.

ही फाटाफूट कशी झाली ते आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही, कारण ही चक्क भाऊबंदकी आहे. एमिली 1886 मध्ये गेली. धाकटी बहीण लव्हिनियाला कवितांचं घबाड सापडलं. तिने ते आधी सूझनकडे दिलं, आणि काम रखडतंय म्हटल्यावर मेबल लूमिस टॉडकडे. मेबल ही ऑस्टिनची प्रेयसी, म्हणजे सूझनची सवतच म्हणा. पुढे जमिनीच्या एका तुकड्यावरून लव्हिनिया आणि मेबल यांच्यात कोर्टकचेरी झाली. कागद दोन घरांत वाटले गेले ते गेलेच. सूझनच्या बाजूचे 1950 मध्ये हार्वर्डला पोचले, मेबलच्या बाजूचे तिच्या मुलीने 1956 मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजला दिले. ऑस्टिनला लिहिलेल्या काही पत्रांतून तर सूझनचा उल्लेख असलेल्या ओळी खरवडून काढल्या आहेत. आणि एमिलीला आलेली पत्रं? त्यातली बहुतेक लव्हिनियाने जाळली, बहिणीचीच तशी इच्छा होती म्हणून. त्यामुळे आपण जे वाचतो ते टेलिफोनवरचं एका बाजूचं बोलणं.

मी सुरुवात बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजपासून केली, हार्वर्ड तिथलंच, कारण भाचीचं घर मेट्रोच्या रेड लाइनवर आहे आणि हार्वर्ड स्टेशनपासून हाउटन चालत पाच-सात मिनिटांवर. प्रवेशाला पैसे नाहीत आणि प्राध्यापक असण्याचीही अट नाही. घरूनच खातं उघडा, हवे ते कागद काही दिवस आधी मागवून ठेवा आणि पासपोर्ट जवळ बाळगा. पिशवी, कोट, पेन, पाण्याची बाटली लॉकरमध्ये जाते. आत फक्त पेन्सिल, लॅपटॉप आणि फोन. फ्लॅश बंद करून फोटो काढता येतात, तरी टेबलावर विचारून घ्यावं. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा. शनिवार-रविवारी वाचनकक्ष बंद असतो, हे बेत आखतानाच लक्षात घ्या.

आता मनाची तयारी करून ठेवायची बाब. एमिलीचे मूळ कागद सहसा हातात देत नाहीत. ते नाजूक आहेत आणि त्यांची उत्तम स्कॅन प्रत घरबसल्या फुकट बघता येते. याचं वाईट वाटून घेऊ नका, दुसरं कुणाचं तरी मागवा. मी सेरा ऑर्न ज्युएटची पत्रं मागवली आणि त्या आठवड्याचं सार्थक झालं. ज्युएट मेन राज्यातली कथालेखिका, आणि ॲनी फील्ड्स ही तिची बॉस्टनची जिवलग सखी. पत्रांतून त्यांनी एकमेकींना ठेवलेली लाडाची नावं: ज्युएट म्हणजे पिनी, ॲनी म्हणजे फफ. 1911 मध्ये ॲनीने ही पत्रं छापायला काढली तेव्हा एका संपादक स्नेह्याने सल्ला दिला की ही नावं गाळा, लोक भलताच अर्थ काढतील. पुस्तकात बरीच गळलीही. घडीवरून मधोमध झिजलेल्या कागदावर शाई आता तपकिरी झाली आहे, आणि तिथे मात्र पिनी ठणठणीत आहे. छापील संग्रहावर विसंबू नये ते यासाठी. अक्षर लावायला वेळ लागतो, पहिली दोन-तीन पत्रं अक्षरशः सोडून द्यावी लागतात.

हाउटनमध्येच डिकिन्सन खोली आहे. एमिलीचं मूळ लिहायचं टेबल तिथे आहे, जेमतेम दीड फूट चौरस. आपल्या देव्हाऱ्याखालचा चौरंगही याहून ऐसपैस असतो. खोली ठरावीक वेळीच दाखवतात, तेव्हा आधी चौकशी करून जा.

बॉस्टनहून ॲमहर्स्ट मोटारीने दोन तास, बसने बरंच जास्त, आणि स्प्रिंगफील्डला गाडी बदलावी लागू शकते. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला अख्खा प्रदेश लोटतो, तेव्हा मुक्कामाच्या खोलीचं आधी बघा. एमिलीच्या घराचं आता संग्रहालय आहे, ते हिवाळ्यात काही आठवडे बंद असतं. गावात पोचलात की गाडीची गरज नाही. घर, कॉलेज, कबर, सगळं पायी होतं, आणि कॉलेजचं गाव असल्याने शाकाहारी माणसाची पंचाईत होत नाही.

मेन स्ट्रीटवरचं होमस्टेड हे एमिलीचं घर. वेळेचं तिकीट ऑनलाइन काढून जावं. वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत टेबल आहे ते नक्कल, पांढरा पोशाखही नक्कल. हाउटन आधी करून या म्हणते ते यासाठीच. पण खिडकी खरी आहे आणि खिडकीतून दिसणारं सूझनचं घरही खरं, नाव एव्हरग्रीन्स. दोन्ही घरांमधली वाट चालून बघा. इतक्याशा अंतरावर एमिलीने अडीचशेहून अधिक कविता चिठ्ठ्यांमधून धाडल्या. एव्हरग्रीन्स मला होमस्टेडपेक्षा जास्त भावलं, तिथलं सामान फारसं हललेलं नाही. घाईत असाल तरी ते टाळू नका.

कॉलेजच्या फ्रॉस्ट ग्रंथालयात विशेष संग्रह आहे. इथेही मूळ कागदांची आशा कमीच ठेवा, पण पाकिटांवरच्या कविता त्यांच्या संकेतस्थळावर आधी मोठ्या करून बघा. जुनं पाकीट उलगडून, त्याच्या तिरक्या कडांना धरून तिने ओळी बसवल्या आहेत. छापील पानावर ही गंमत पार सपाट होते.

आणि मग बहुतेक साहित्यप्रेमी जिथे फिरकतच नाहीत तिथे जा, म्हणजे त्याच कॉलेजच्या बेनेस्की निसर्गविज्ञान संग्रहालयात. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. एप्रिल 1862 मध्ये एमिलीने हिगिन्सनला पहिलं पत्र लिहिलं, चार कविता जोडल्या आणि विचारलं की माझी कविता जिवंत आहे का. पत्राखाली सही नव्हती. नाव वेगळ्या छोट्या पाकिटातल्या कार्डावर, तेही पेन्सिलीने. पुढे 1891 मध्ये हिगिन्सनने लिहिलं की तिचं अक्षर असं विलक्षण, जणू तिने पहिले धडे त्या गावच्या संग्रहालयातल्या पक्ष्यांच्या अश्मीभूत पाउलखुणांवरून गिरवले असावेत. त्या पाउलखुणा बेनेस्कीत आहेत. एडवर्ड हिचकॉक या भूवैज्ञानिकाने त्या जमवल्या, तो त्यांना पक्ष्यांच्या समजत होता, आज आपण डायनोसॉरच्या म्हणतो. करड्या-तांबूस फरशांवर तीन बोटांचे ठसे, मध्ये मोकळी जागा, पुन्हा ठसे. फोनवर तिच्या उत्तरायुष्यातलं एखादं पत्र उघडा आणि फरशीशेजारी धरा. सुटी सुटी अक्षरं, लांबलेल्या रेघा. हिगिन्सनला कविता पूर्ण कळली नसेल, पण डोळा तयार होता.

मराठी माणसाने बॉस्टनला परतल्यावर बॉइल्स्टन स्ट्रीटवरच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत एक दिवस काढावाच. कॅरोलाइन हीली डॉल या लेखिकेचे कागद आणि सुमारे पाऊणशे वर्षं लिहिलेली रोजनिशी तिथे आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशींचं इंग्रजी चरित्र 1888 मध्ये लिहिलं ते हिनेच. हिचा नवरा 1855 पासून कलकत्त्यात धर्मप्रसारक, बायको इकडे, आणि मधल्या संसाराचा भार पत्रांवर. ते चरित्र काढणारे बॉस्टनचे रॉबर्ट्स ब्रदर्स. एमिलीच्या कवितांचं पहिलं पुस्तक 1890 मध्ये त्यांनीच काढलं, पत्रांचं 1894 मध्ये. आनंदीबाईंच्या चरित्रानंतर दोनच वर्षांनी त्याच दुकानातून एमिली बाहेर पडली, हे मला तिथे बसूनच उमगलं.

इथेही ओळखपत्र, पेन्सिल, लॉकर हाच शिरस्ता. बरेचसे कागद मायक्रोफिल्मवर बघावे लागू शकतात, म्हणून चष्मा विसरू नका आणि मानेला अधूनमधून आराम द्या. आनंदीबाईंच्या वैद्यकीय कॉलेजचे कागद फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. बॉस्टनहून रेल्वे थेट जाते. निघायच्या आधी एमिलीच्या पत्रांची 2024 ची हार्वर्डची आवृत्ती ग्रंथालयातून मागवून चाळा. तिच्यात 1,304 पत्रं आहेत, आणि प्रत्येक पत्र कुणाच्या नावे, आज कुठल्या संग्रहात, हे बघून तुमचा प्रवासाचा क्रम आपोआप लागेल.